उषा नापास नव्हती

अकोल्याच्या फलाटावर आई मला पोचवायला आली होती. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि बँकेने बढती देऊन मला लखनौला पाठवलं होतं. गाडी हलली तशी ती खिडकीशी चालत म्हणाली, "पत्र सोप्या अक्षरात लिही रे बाबा. शेजारच्या नलूला जोडाक्षरं जमत नाहीत." आईला स्वतःला एकही अक्षर येत नव्हतं.

लखनौच्या मराठी मंडळींनो, आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी तुम्ही माझ्याकडे आठवणी मागितल्या. गोड आठवणी तुमच्याकडे भरपूर असतील. गणपतीतली नाटुकली, हजरतगंजातून आणलेले गणवेश. ही एक माझी घ्या. छापायची नसेल तर नका छापू. अकोल्याच्या भाचरांना मी प्रत पाठवतोच आहे, कारण तिकडेही मी तेव्हा खोटंच कळवलं होतं.

शाळा काढली तेव्हा फाटकावर आपण 'सबके लिए' असं रंगवलं आणि रंग वाळायच्या आत घाबरलो. मागच्या वस्तीतले 'सब' खरंच आले तर? तोडगा मी काढला. बँकेत अर्जदाराला समोर बसवून फॉर्म भरून घेतात, तसा आई-वडिलांनी समितीपुढे बसून इंग्रजीत फॉर्म भरायचा. नियम सगळ्यांना सारखा! काय हुशार होतो आपण!

रामकली आमच्याकडे भांडी करायची. तिची उषा सहा वर्षांची. माझ्या मुलाची जुनी पुस्तकं ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून वाचायची. प्रवेशाच्या दिवशी तिने पंधरापर्यंत पाढे न अडखळता म्हटले आणि मलाच विचारलं, "अंकल जी, सोलह का भी सुनाऊँ?" सगळे हसलो. मग फॉर्म रामकलीपुढे सरकवला. ती पेनाकडे बघत राहिली. म्हणाली, "साहब, पढ़ना तो बिटिया को है न?"

मी शेरा लिहिला, 'पालक निरक्षर, घरी वातावरण नाही.' निरक्षर बाईच्या मुलाने लिहिला! ती जागा आपल्याच एका अधिकाऱ्याच्या चिरंजीवांना दिली. त्यांनी त्या दिवशी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. लाजाळू आहे, म्हणालो आपण.

रामकलीला खरं कारण सांगायची मला हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती भांडी घासत असताना मी म्हणालो, "बिटिया पास नहीं हुई." उषा दारातच होती. त्यानंतर ती पुस्तकांना शिवली नाही. आईला मी लिहिलं, बाईच्या मुलीसाठी खूप खटपट केली, पण पोर कच्ची निघाली. सोप्या अक्षरात लिहिलं.

गेल्या आठवड्यात इथल्या वृंदावन योजना वसाहतीतल्या माझ्या घरातून निघून लखनौजवळच्या मलिहाबादला गेलो. उषा आता तिथल्या बागेत पेट्यांत दशहरी आंबे भरते. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, जाने दीजिए. तिने हातातला आंबा खाली ठेवला.

"बेटी से हमेशा यही कहा, अंकल जी, कि तेरी माँ का दिमाग़ नहीं चलता था. अब वो किताब फेंककर कहती है, अम्मा, हम तुम पर गए हैं." मग म्हणाली, "माफ़ी मुझसे मत माँगिए. इतवार को आइए, उससे कहिए."

मुलगा पुण्याहून फोन करतो, लखनौत वाढलेला, म्हणून हिंदीतच, "बाबा, अब यहाँ आ जाइए ना, अपने लोग हैं." अपने लोग! याच दोन शब्दांपायी आपण सहा वर्षांच्या पोरीला दारातून परत पाठवलं. घर म्हणजे आपली माणसं, हे मीही वर्षानुवर्षं घोकत आलो. आता ते ऐकलं की संताप येतो, स्वतःचाच जास्त.

मी पुण्याला जाणार नाही. रविवारी मलिहाबादला जाणार आहे. उषाच्या पोरीने ऐकून घेतलं नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा. जिथे मी खोटं बोललो, तिथे खरं बोलून होईपर्यंत माझं घर इथेच.