गाणी काढ, सगळी

दादा लॉन्ड्रीत इस्त्रीला उभा राहिला की त्याचं गाणं सुरू व्हायचं. चाल त्याची, शब्द त्याचे, आणि विषय बहुतेक गिऱ्हाइकांचे कपडे. काउंटरवर मी, त्याची धाकटी बहीण. लोक त्याला रेडिओ म्हणायचे. मी म्हणायचे, रेडिओला निदान बटण तरी असतं. चाल जमली की फोन टेबलावर उभा करून तो ती रेकॉर्ड करायचा, मागे वाफेची फुसफुस असायचीच.

मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. आता दादा नुसते ओठ हलवतो, आपण ते वाचायचे. त्यातही दमतो, म्हणून शब्दांची काटकसर. एकेकाळी साध्या चहाची ऑर्डरसुद्धा हा माणूस पाल्हाळ लावून द्यायचा!

त्यात फोनही कुरकुरायला लागला. चार्जिंग धरेना, स्क्रीन मध्येच काळी व्हायची. दादाने धसका घेतला. हा फोन गेला की आपला आवाज कायमचा गेला. दुकानातल्या बिलांच्या कॉम्प्युटरवर गाणी घेऊन ठेवायची, एवढंच त्याला हवं होतं. त्याने फोन मुलाच्या हातात दिला आणि ओठ हलवले, "गाणी काढ. सगळी."

माझा भाचा सांगितलेलं काम चोख करणारा, हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन दुकानात आला. "बाबा, एकही ठेवलं नाही."

दादाने खुशीत त्याची पाठ थोपटली आणि कॉम्प्युटरकडे बोट केलं. दाखव.

"यात काय दाखवू? तुम्हीच म्हणालात ना, काढ म्हणून? मी सगळी डिलीट केली. फोनमधली कचरापेटीही रिकामी केली." बोलता बोलता त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं, आता तुम्हाला ती ऐकवत नसतील."

एवढी ऐसपैस भाषा आपली, आणि जपून बाहेर घ्यायचं तेही काढणं, पुसून टाकायचं तेही काढणं! पोराच्या कानाखाली वाजवावी की त्याला पोटाशी धरावं, मला कळेना. मी दोन्हीतलं काहीच न करता फोन दुरुस्तीला नेला. मोबाइल दुरुस्तीवाल्याने फोन दिवसभर ठेवून घेतला आणि मान हलवून परत केला.

शेवटी भाच्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "आत्या, तू रोज ऐकायचीस. तू गा, मी रेकॉर्ड करतो."

मी चुरगळलेल्या कॉलरचं गाणं धरलं. पहिली ओळ आली. दुसरी भलत्याच गाण्यात शिरली. दादाने मान हलवली, हात वर नेला. मी सूर चढवला. तसं नाही. त्याने हात खाली आणला. मी उतरले. तसंही नाही. मग त्याने स्वतःच तोंड उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या, आणि गळ्याच्या भोकातून नुसता वारा आला.

भाचा फोन धरूनच उभा होता. दादाने हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं.