नाव येतीया

जांभूळकोपच्या भरमू सनदीला, म्हणजे गावात दवंडी पिटणाऱ्याला, दोन गोष्टींचा गर्व होता. एक आवाजाचा, दुसरा कानाचा. आवाज असा की चावडीपुढं हाळी दिली तर माळावरची मेंढरं माना वर करायची. आणि कान असा की पाटलानं एकदा सांगितलेलं बोलणं तो साऱ्या आळ्यांतनं फिरवून आणायचा, पण त्यातला एक शब्द इकडचा तिकडं होत नसे. "माझ्या तोंडात माझं काय न्हाय," तो म्हणायचा. "सरकार बोलतंय, मी निस्तं तोंड उघडतोय."

यावर त्याची बायको शालूबाई म्हणायची, "घरात तरी कवा सोताचं बोलतासा? भाकरी मागायची तर ती बी दवंडी पिटल्यागत मागतासा."

जर्मनच्या पहिल्या लढाईच्या आगेमागेची गोष्ट. आषाढ सरता सरता वेदगंगेनं पात्र सोडलं. जांभूळकोप नदीच्या वळणात बसलेलं. पुढं नदी, मागं ओढा, ओढ्याच्या पल्याड माळ. नदी फुगली की तिचं पाणी उलटं ओढ्यात शिरायचं. एरवी पोरं घोटाभर पाण्यातनं ओलांडायची ती माळाची वाट एकदा बुडाली, की गावाचं बेट व्हायचं. मग गावात जे राहिलं ते नदीचं.

पाणी पात्रात होतं तेव्हाच भावकू पाटलानं एक पोहणारा गडी पल्याड धाडून तालुक्याला निरोप दिला होता, की पूर येणार असं दिसतंय, नाव पाठवा. तेव्हापासनं सारं गाव पल्याडच्या काठाकडं डोळे लावून बसलेलं. तालुक्याला जाणारी निपाणीची वाट त्या अंगाला.

तिसऱ्या प्रहरी पल्याड तांबड्या फेट्याचा सरकारी शिपाई दिसला. घोड्यावरनं उतरला आणि दोन्ही हात तोंडाला लावून ओरडला. पाणी घोंघावत होतं, वारा आडवा. इकडं कुणाला काही कळेना. पाटलानं भरमूला दंडाला धरून पुढं काढलं.

"ऐक रं. तुझा कान लई तिखट हाय न्हवं?"

भरमू मांडीभर पाण्यात उतरला. शिपाई परत ओरडला. वाऱ्यानं मधलं सगळं खाल्लं, आणि भरमूच्या कानात दोनच तुकडे पडले. आधी "नाव…" आणि जरा थांबून "…होडी…". शिपायानं हात हलवले, इकडनं लोकांनीही हलवले, मग तो घोड्यावर मांड टाकून निघून गेला.

"काय म्हंतोय?" पाटलानं विचारलं.

"नाव म्हनला. मागनं होडी म्हनला."

"म्हंजे येतीया."

"व्हय," भरमू म्हणाला. "येतीया."

आणि तो हलगी घेऊन निघाला. पावसानं हलगीचं कातडं सैल पडलेलं, थाप मारली की ओल्या पोत्यावर मारल्यागत वाजायची. पण आवाज भरमूचा होता. "ऐका हो ऐका! सरकारची नाव येतीया! समद्यांनी आपापल्या दारात थांबावं, गडबड करू नये होऽऽ!"

खालच्या आळीत गाठोडी बांधून झाली होती, ती परत सुटली. राजाबाई म्हातारी शेळी घेऊन माळाकडं निघालेली, तीही फिरली आणि तिनं चुलीवर आमटी ठेवली. "सरकारच्या नावंत बसून जायाचं, मग उपाशी कशाला?" दोघातिघांनी तर पानाचा डबा काढला. गावाला एकदम हलकं वाटलं.

वरच्या अंगाला चंद्रप्पाचं घर. तंबाखू आणि उसाची शेती, ओढ्याच्या कडेला स्वतःचं गुऱ्हाळ. जैनाचं घर, घरात कानडी बोलणारं, दिवस मावळायच्या आत जेवणारं. त्या दिवशी तर दुपारीच जेवणं उरकून त्याची बायको तारामती भांडी पोत्यात भरत होती. बैल गाडीला जुंपलेले. भरमू दवंडी देत दारात पोचला.

"आण्णा, दवंडी ऐकली न्हाईसा? नाव येतीया."

"ऐकली की. कोण म्हनलं?"

"शिपाई."

"कुठला?"

"तालुक्याचा. तांबड्या फेट्याचा."

"मराठीत बोलला?"

भरमूनं हलगी काखेत मारली.

"तालुक्याचा शिपाई म्हंजे कानडी माणूस," चंद्रप्पा जुवाची गाठ आवळत म्हणाला. "त्येच्या तोंडात नाव कुठनं यायची? नावंला आमच्यात दोणी म्हंत्यात."

"मग नाव म्हंजे?"

"नाव म्हंजे आमी."

भरमूला बाजारापुरतं कानडी येत होतं. 'येवढ्याला कसं' आणि 'कमी कर' एवढं. तरी नाव म्हणजे आमी हे त्यालाही ठाऊक होतं. मघाशी काठावर ते आठवलं नव्हतं, कारण आठवायचंच नव्हतं. त्यानं हट्टानं म्हटलं, "पर मागनं होडी म्हनला न्हवं!"

आतनं तारामती म्हणाली, "होडी न्हवं भरमू, होळी. नदीला होळी म्हंतोय आमी."

"नाव बरंगिल्ल, होळी तुंबैती," चंद्रप्पानं सबंध वाक्य लावून दाखवलं. "आमी येत न्हाय, नदी भरलीया. असं म्हनला असंल."

"असंल का म्हनलाच?"

"मी काय काठावर हुतो? कान तुझा हुता."

"आमी येतो असं बी म्हनला असंल की."

"नदी भरलीया म्हनून येतो, असं कोण म्हंतंय रं खुळ्या?"

'नाव' त्यानं ऐकलं होतं. 'होडी' का 'होळी', ते देव जाणे. पण 'येतीया' हा शब्द नदीच्या पल्याडनं आला नव्हता. पाटलानं तो पुढं केला आणि भरमूनं उचलला. साऱ्या जन्मात पहिल्यांदा त्याच्या दवंडीत पदरचा शब्द पडला होता, आणि त्याच शब्दावर खालची आळी चूल पेटवून बसली होती.

तो आधी ओढ्यावर गेला. पाणी मांडीला लागत होतं, गढूळ, आणि वाहायचं त्याच्या उलट्या दिशेनं सरकत होतं. मग चावडीकडं पळाला.

भावकू पाटलानं सारं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. पण गावाला नाव येणार म्हणून सांगून बसलेला.

"एकदा पिटलेली दवंडी फिरवायची? लोक म्हंतील पाटील शुद्धीवर न्हाय. आणि नाव आली, गाव माळावर गेलेलं, तर मामलेदाराला मी काय तोंड दावू?"

"आणि न्हाय आली तर, आप्पा?"

पाटील नदीकडं बघत राहिला. चावडीच्या पहिल्या पायरीवर पाणी चढलं होतं.

"येणार," तो म्हणाला. "सरकार गावाला असं सोडत न्हाय. दवंडीला माझा हुकूम न्हाय. जा."

भरमू घरी आला. शालूबाईनं लेकरं उंबऱ्यावर बसवून ठेवलेली. हलगी चुलीच्या धगीला टांगली होती. त्यानं सगळं सांगितलं.

"येतीया कोण म्हनलं?" तिनं विचारलं.

"मी."

"मग जावा की. न्हाय म्हनून सांगा."

त्यानं हलगीला हात घातला आणि मागं घेतला. हलगी सरकारची. हुकमाबगर वाजवली तर सनद जाईल, तिच्यावर मिळालेली, चार शेरडी चरतील एवढी जमीनही जाईल. शालूबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, फळीवरची पितळी थाळी काढली आणि उलथणं हातात दिलं. माहेराहून आलेली एवढी एकच पितळी होती तिच्याकडं.

"ही सरकारची न्हाय. बडवा किती बडवायची ती."

आणि मग जांभूळकोपात कधी कुणी ऐकली नव्हती अशी दवंडी फिरली. पितळीचा खणखणाट आणि वर भरमूचा आवाज. "ऐका हो ऐका! ही दवंडी सरकारची न्हाय, पाटलाची न्हाय. ही भरमूची हाय, माझ्या नावानं हाय! नाव येतीया हे मी म्हनलो, शिपाई न्हाय. नावंचा भरवसा न्हाय होऽऽ! ओढा चढतोय. वाट हाय तवर उठा!"

लोक हसले. मग शिव्या आल्या.

"मघाशी एक, आता एक! भरम्या, कुठल्या कानानं ऐकलंस रं?"

"आता कानानं न्हवं, पायानं ऐकलंय. ओढ्यात जाऊन हुबा ऱ्हा, तुला बी ऐकू यील."

परशराम नावाचा तालीमबाज गडी खरंच चिडून गेला, आणि कंबरेपर्यंत भिजून धावत परत आला. घरात शिरला आणि आईला पाठीवर घेऊनच बाहेर पडला. ते बघितलं आणि आळी उठली. भरमूच्या ओरडण्यापेक्षा त्या पाठीवरच्या म्हातारीनं जास्त काम केलं.

पण गाठोडी सुटलेली, जनावरं परत दावणीला बांधलेली. त्यात वेळ गेला, आणि तो वेळ भरमूच्या एका शब्दानं खाल्ला होता. धडधाकट माणसं जनावरांच्या शेपट्या धरून पार झाली तोवर ओढा छातीला आला. लेकरं, म्हातारी आणि दिवस भरत आलेली एक बाई अजून अल्याडच.

"काहील काढा!" चंद्रप्पा ओरडला. त्याची गाडी केव्हाच माळावर पोचली होती. तो परत आला होता.

गूळ शिजवायची ती भली मोठी लोखंडी काहील गुऱ्हाळात पालथी पडलेली. आठ जणांनी उलथून पाण्यात लोटली. मोटेचे दोन नाडे आणून तिला बांधले, एक माळाच्या बाजूला, एक गावाच्या. एरवी गूळ शिजताना भरमूला त्या काहिलीपासनं दहा हात लांब बसावं लागायचं. त्या दिवशी तिच्या कडेला धरून तो छातीभर पाण्यात उभा होता आणि कुणाकुणाला उचलून आत ठेवत होता. कोण कुणाला शिवलं ते नंतर कुणी काढलं नाही.

काहील म्हणजे काही नाव नव्हे. नाडा जरा ढिला पडला की गरगरा फिरायची, आतली लेकरं किंचाळायची. राजाबाई शेळी पोटाशी धरून बसली. "जलमभर हिच्यातला गूळ खाल्ला, आता मलाच घातली व्हय रं शिजाय?"

"गप बस म्हातारे, हलू नगंस!"

"हलतीय कोण? तुझी काहीलच नाचतीया!"

फेरीमागनं फेरी झाली. शालूबाई लेकरं घेऊन गेली. पितळी तिनं डोक्यावर पालथी घातली होती, पावसाला. शेवटी माळावर माणसं मोजली तर एक कमी. पाटील.

भरमू रिकाम्या काहिलीत बसून, बांबूनं रेटत परत आला आणि चावडीकडं पाण्यातनं चालत गेला. पाटील ओट्यावर उभा, पाणी त्याच्या घोट्याला.

"चला, आप्पा."

"नाव आली तर हितं कोन तरी पायजे, भरमू. मीच बलीवली तिला."

"आली तर माळावरनं हाळी मारतो की मी. माझा आवाज ठावं न्हाय तुमास्नी?"

पाटील हलेना. मागं कुठंतरी भिंत बसल्याचा धप्पकन आवाज आला. भरमूचा आवाज चढला. हुकूम ऐकणारा माणूस तो, पहिल्यांदाच हुकूम देत होता. "नाव म्हंजे आमी, आप्पा! शिपाई तेच सांगून गेला. आमीच आलोय. बसा!"

पाटील बसला. मधोमध आल्यावर गावाकडचा नाडा धरायला कुणीच उरलं नव्हतं. काहील दोनदा फिरली, एक कड पाण्याला लागली, भरमू दुसऱ्या कडेवर आडवा पडला. माळावर परशरामानं नाडा दंडाला गुंडाळून ओढला. त्याच्या दंडावरचा वळ त्या साली दिवाळीपर्यंत गेला नाही.

सकाळी चावडीचं नुसतं आढं दिसत होतं. भरमूचं घर तर दिसतच नव्हतं.

नाव आली ती पाणी उतरल्यावर, बैलगाडीवर लादून. गाडी चिखलात रुतली ती गावानंच ओढून काढली. बरोबर तोच तांबड्या फेट्याचा शिपाई. पाटलानं चंद्रप्पाला पुढं करून विचारलं, त्या दिवशी काय ओरडलास?

"नाव बरंगिल्ल, होळी तुंबैती," शिपाई म्हणाला. आणि वर आपलं मोडकं मराठी, "लई वरडला मी. तुमी आयकला, हात हलीवला."

राजाबाईनं तेवढं शेळीच्या कानात म्हटलं, "आयकला बग."

पाटलानं भरमूची तक्रार केली नाही, शाबासकीही दिली नाही. नवी हलगी मात्र करून दिली. त्या गावात तेव्हापासनं नाव म्हटलं की माणसाचं. पाण्यातली ती दोणी, मराठ्याच्या घरी असो की जैनाच्या.

पुढच्या साली नदी फुगली तेव्हा पाटलानं भरमूला बोलावलं. भरमू पायरीखाली उभा राहिला, कान पुढं करून.

"काय वरडू, आप्पा?"

पाटलानं हलगी त्याच्यापुढं सरकवली. "तूच सांग," तो म्हणाला.

भरमूनं हलगी शेकली आणि निघाला. "ऐका हो ऐका! ओढा गुडघ्याला लागलाय, मी सोता हुबा ऱ्हाऊन बघून आलोय. ज्येनं त्येनं आपली म्हातारी, आपली जनावरं घेऊन आजच माळाला लागावं. तालुक्याला सांगावा धाडलाय. दोणी आली तर आली होऽऽ!"