शकूताईंचं बंद पाकीट

त्या दिवशी सकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि पुरानी बस्तीतून पुष्पादीदींचा फोन आला. पुष्पादीदी म्हणजे शकूताईंच्या शेजारीण. "भाभीजी, जल्दी आइए... दीदी कुर्सी में बैठी हैं, बोल नहीं रहीं." चौबे कॉलोनीतून रिक्षा करून मी पोहोचले तेव्हा शकूताई ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत होत्या. चहा पिऊन झालेला, चष्मा नाकावर, मांडीवर वर्तमानपत्र आणि तेही सोन्या-चांदीच्या भावाचं पान वर केलेलं. चांदी त्या दिवशी बरीच चढली होती. डॉक्टर म्हणाले, काहीच त्रास झाला नसेल, क्षणात गेल्या असतील. माझा अंदाज असा की भाव वाचूनच गेल्या असाव्यात, कारण चेहऱ्यावर तसं समाधान होतं.

रेवा आणि ओजस, तुम्ही दोघं नातवंडं दूर राहता म्हणून हे लिहून ठेवते आहे. हे पेपरच्या पुरवणीतही छापून येणार आहे आणि तिच्या वाचकांना शकूताई माहीत नाहीत, म्हणून थोडी ओळख. शकूताई माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, आणि या दोन मुलांची शकूआजी. जन्म रायपूरचा, नोकरी रेल्वेच्या ऑफिसात, घर वडिलांचंच. लग्न केलं नाही. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा धीर करून एकदा विचारलं होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पाहायले आले ते सगळे गुळगुळीत नाणे होते वहिनी. एकावरही छाप नव्हती." मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात मोजूनमापून बोलणारी. मला अशी भाषा ऐकायची सवय नव्हती. पुढे मात्र इतकी सवय झाली की आता घर फार शांत वाटतं.

नाण्यांचा नाद त्यांना ऑफिसात लागला. सरकारी टाकसाळ वेळोवेळी स्मारक नाणी काढते, म्हणजे कुठल्या संस्थेची पन्नास वर्षं झाली, कुणाची जन्मशताब्दी आली की चांदीचं एक मोठं नाणं. ते बाजारात चालत नाही, आधी पैसे भरून मागवावं लागतं, आणि मग महिनोन् महिने वाट पाहायची. पोस्टमन पाकीट घेऊन आला की शकूताई त्याला ओसरीवर बसवून पेढा देत. "भैया, संभाल के लाए ना? उलटा तो नहीं पकड़ा?" नाणं उलटं धरल्याने काय होतं हे त्याने कधी विचारलं नाही, पेढा खाल्ला.

पाकिटात प्लास्टिकची सीलबंद डबी, आत आरशासारखं चकचकीत नाणं. हात लावायचा नाही. लावायचाच झाला तर कडेने. श्वाससुद्धा बाजूला सोडायचा. कपाटात सुती साड्यांच्या घडीत ती पाकिटं ठेवलेली असत आणि घडीघडीत पांढऱ्या पुड्या... त्या, नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषायला असतात ना, त्या. घरात कुणीही चपला-बूट घेतले की शकूताईंचा पहिला प्रश्न, "पुडी कुठे आहे?" ओजस, तू शाळेत असताना तुला फुटबॉलचे बूट आणले तेव्हा तू रंग दाखवत होतास आणि त्या खोक्यात हात घालून पुडी शोधत होत्या. तू रुसला होतास. त्यांनी तुला दहाची नोट दिली आणि पुडी घेऊन गेल्या.

आता तुम्ही दोघांनी मला जे विचारलंत त्याकडे येते. अशी नाणी गुंतवणूक म्हणून चांगली की वाईट? या एका प्रश्नावर आम्ही दोघी सगळा जन्म भांडलो. माझं म्हणणं सरळ होतं. त्या जुन्या स्मारक नाण्यांत चांदी निम्मीच, बाकी तांबं आणि इतर धातू. म्हणजे घेताना पूर्ण नाण्याचे पैसे द्यायचे आणि मोडताना अर्ध्या चांदीचे घ्यायचे. त्यापेक्षा बँकेत ठेव ठेवावी, व्याज येतं. शकूताई म्हणत, "काहून वहिनी, तुमची एफडी पाहता येते का? पावती आहे, पावती! पाहुणे आले त काय दाखवता, व्याज?" तुमचे आजोबा या वादात पडत नसत. ते वर्तमानपत्र उंच धरत. त्यांचं कोडं अशा दिवशी नेहमी पूर्ण सुटायचं.

सोन्याच्या बाबतीत मात्र आमची चक्क परीक्षाच झाली. निवृत्तीच्या वेळी शकूताईंनी सराफाकडून एक सोन्याचं नाणं घेतलं, वर नाचऱ्या मोराचं सुंदर चित्र. मीही त्याच दिवशी तेवढ्याच वजनाचं साधं वळं घेतलं. त्यांच्या नाण्याला चित्राची घडणावळ जास्त पडली, मी तेव्हाच बोलून दाखवलं. पुढे त्यांच्या घराचं छप्पर बदलायचं निघालं, तेव्हा दोन्ही घेऊन आम्ही पुन्हा त्याच सराफाकडे गेलो. त्याने दोन्ही तोलली आणि दोन्हींचा एकच भाव सांगितला. मोराचे पैसे त्याने धरलेच नाहीत. माझा चेहरा बोलला असणार.

"हसा, हसा," शकूताई म्हणाल्या. "मोराचे पैसे गेले, मान्य. पण मी इतके वर्षं मोर पाहिला. तुमी काय पाहिलं? वळं?"

सोनं चढलेलं होतं, त्यामुळे नुकसान झालं नव्हतं. छप्पर छान झालं. तर मुलांनो, सोन्याचं उत्तर एवढंच. सोन्याची किंमत राहते, चित्राची राहीलच असं नाही. चित्राला किंमत तेव्हा, जेव्हा ते चित्र दुसऱ्या कुणाला तुमच्याइतकंच हवं असतं.

चांदीच्या नाण्यांचं उत्तर लांबलं, कारण शकूताईंनी स्वतःच ते बिघडवून ठेवलं होतं. रेवा, तुझ्या उष्टावणाची गोष्ट. आपल्याकडे बाळाला पहिला घास सोन्या-चांदीने चाटवतात, बहुतेक घरांत अंगठीने. मी अंगठी उकळत्या पाण्यातून काढून तयार ठेवली होती. तेवढ्यात शकूताई कपाटाकडे गेल्या, एक सीलबंद पाकीट आणलं आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने सरळ कापलं. जिच्यावर आम्हाला श्वास सोडायची परवानगी नव्हती ती डबी त्यांनी अंगठ्याने उघडली, नाणं धुतलं आणि खिरीत बुडवून तुझ्या ओठांना लावलं. तू ते चाटलंस, मग खीर सोडून नाणंच धरून बसलीस.

मी म्हटलं, "शकूताई, अहो, सील गेलं! किंमत गेली!"

"गेली त गेली. भाव रोज पेपरात येते वहिनी. पोट्टीचा पहिला घास रोज येते का?"

त्यानंतर ओजसच्या वेळी तेच. मग पुष्पादीदींच्या नातवाचं अन्नप्राशन, मग सगळ्या पाराची, म्हणजे मोहल्ल्याची, पोरं. पुरानी बस्तीच्या त्या गल्लीत अशी कितीतरी तरुण मुलं आज हिंडतात ज्यांनी पहिला घास सरकारी टाकसाळीच्या नाण्यावरून चाटला आहे. एवढ्या जपणुकीने जमवायचं आणि कात्रीने कापून वाटून टाकायचं, असा संग्राहक मी तरी दुसरा पाहिला नाही. ज्याला विकत घेताना गुंतवणूक म्हणायचं, त्याची किंमत त्या आपल्या हाताने अशी खिरीत बुडवत. कपाटात शेवटी एकच पाकीट उरलं. रेवाच्या नाण्याचं जुळं. तेव्हा त्यांनी एकसारखी दोन मागवली होती. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला गव्हाची लोंबी. कशाच्या स्मरणार्थ काढलं होतं ते आता आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

"हे दुसरं कुणासाठी?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"हिच्या लेकरासाठी," त्या म्हणाल्या. रेवा तेव्हा पाळण्यात होती.

यंदा रेवाला तारा झाली. शकूताईंनी व्हिडिओ कॉलवर पाकीट कॅमेऱ्याला लावून ताराला दाखवलं. मला ताकीद दिली, "डिसेंबरात येऊन राहिली ना ते? पाकीट मी कापीन. तुमी कात्रीले हात लावू नका, तुमी आधी माप घ्यान." तिकिटं काढलेली होती. आणि नोव्हेंबरात त्या खुर्चीत बसल्या बसल्या...

तेराव्यानंतर कपाट आवरताना ते पाकीट हाती आलं. त्याच आठवड्यात ओजसने फोनवर विचारलं, "आजी, खरंच त्याची काही किंमत आहे का?" मला अर्धवट उत्तर द्यायला आवडत नाही. मी रेवाचं चाटलेलं नाणं आणि हे बंद पाकीट, दोन्ही पर्समध्ये घातली आणि सदर बाजारात जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेले. तरुण मुलगा होता. रेवाचं नाणं त्याने काट्यावर टाकलं. "माताजी, इस पर तो खरोंचें हैं. चांदी का भाव मिलेगा, वो भी आधी चांदी का." म्हणजे मी बरोबर होते. मग मी पाकीट काढलं. तो थांबला. त्याने हात पुसले, पाकीट कडेने धरलं आणि श्वास बाजूला सोडला. मला एकदम हसू आलं.

"ये किसी और को मत दिखाइए," तो म्हणाला, "मुझे दे दीजिए." आणि त्याने जो आकडा सांगितला तो उघड्या नाण्याच्या कितीतरी पट होता. ते नाणं फार कमी लोकांनी मागवलं होतं, आणि ज्यांनी मागवलं त्यांतल्या फारच थोड्यांकडे ते बंद राहिलं होतं. घरी येऊन मी माझ्या पद्धतीने हिशेब मांडला. तेच पैसे तेव्हापासून बँकेत राहिले असते तर? बंद पाकीट जिंकलं. माझी ठेव हरली. आणि ज्यांना हे ऐकून ओसरीवर उड्या मारायच्या होत्या, त्या नव्हत्या.

मी मुलांना कळवलं तेव्हा ओजस फार भावुक झाला. "आजी, प्लीज, ते उघडू नकोस. आपण सगळे तिला हसायचो. ती बरोबर होती याचा तेवढाच तर पुरावा आहे." रेवा म्हणाली, "पण ते ताराचं आहे ना..." निर्णय माझ्यावर आला. पाकीट कापलं तर त्यातलं नाणं पुन्हा अर्ध्या चांदीचं होणार, मी पुन्हा बरोबर ठरणार आणि शकूताई कायमच्या चुकीच्या. न कापलं तर त्या बरोबर, पण त्यांनी ज्याच्यासाठी ते इतकी वर्षं जपलं ते व्हायचंच नाही. मी पाकीट देवघराच्या फळीवर ठेवलं, तिथून उचलून परत कपाटात ठेवलं. असं बरेचदा झालं.

डिसेंबरात रेवा आली. उष्टावण मी पुरानी बस्तीतल्या घरीच ठेवलं, पुष्पादीदींनी रांगोळी काढली. ओजस, तू फोनच्या पडद्यावर होतास, तुझ्याकडे मध्यरात्र होती, तू ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. मी शकूताईंच्या स्वयंपाकघरातली तीच कात्री घेतली. सवयीप्रमाणे आधी कडेला बोटाने माप घेतलं, तेवढ्यात त्यांचं वाक्य आठवलं आणि सरळ कापलं. वाकडंच कापलं गेलं. तू तिकडून "आजीऽऽ" म्हणून ओरडलास आणि मग हसायला लागलास. रेवाने नाणं हातातून घेतलं आणि बाटल्या उकळायच्या यंत्रात टाकलं. "आजी, बाळाच्या तोंडात जाणार ते, आधी नीट उकळू दे." टाकसाळीचं आरशासारखं नाणं दुधाच्या बाटलीच्या बुचांबरोबर गडगडत होतं. पुष्पादीदी म्हणाल्या, "दीदी देखतीं तो..." मी म्हटलं, "देखतीं तो चम्मच भी डाल देतीं."

ताराने खीर थुंकली. नाणं मात्र तिने मुठीत धरलं आणि काही केल्या सोडेना, अगदी तिच्या आईसारखी. मी मनात म्हटलं, शकूताई, किंमत गेली. उत्तर मला ठाऊक होतं, तरी थोडा वेळ थांबले.

तर मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बंद ठेवलंत आणि नशिबाने कुणाला हवं असलं तर नफा. उघडलंत तर धातूचा भाव, त्याहून जास्त नाही. बँकेची ठेव सगळ्यात निवांत, हे माझं मत कायम आहे. यापुढचं शकूताईंनी सांगितलं असतं.

रेवा परत गेली. जायच्या आधी तिने ताराला पहिले बूट घेतले होते, मुठीएवढे, लाल. ती बॅग भरत होती आणि मी रिकामं खोकं रद्दीत टाकायला उचललं. खाली नेऊन ठेवलंही. मग परत गेले, खोक्यात हात घातला आणि पांढरी पुडी काढून घेतली. शकूताईंचं कपाट उघडून सुती साड्यांच्या घडीत ठेवली. तिथे आता ओल लागेल असं काहीच नाही.