खाकी कव्हरातली पुस्तकं

पुस्तक परत आलं की फौजदार आधी ते हुंगायचे. मग उलटं धरून झटकायचे, सगळी पानं अंगठ्याखालून फर्रकन सोडायचे आणि शेवटी चष्म्यावरून आपल्याकडे बघायचे.

"हळदीचा वास येतोय."

"आईनं स्वयंपाकघरात ठेवलं होतं, काका."

"आईनं ठेवलं, की तू चुलीपाशी वाचत बसली होतीस?"

यातल्या कोणत्या उत्तरानं आपण सुटू, ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

पोलीस खात्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. जन्म कोर्टाच्या कारकुनीत गेला, वडील आणि आजोबाही कचेरीतच. निवृत्त झाल्यावर नेरच्या बाजारामागचं दोन खोल्यांचं वाचनालय त्यांनी हाती घेतलं. समोर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे फौजदार. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "फौजदार म्हणता ना, मग भीत तरी जा. नाव फुकट घालवू नका."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजचं पहिलंच वर्ष होतं. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, हे मी तेव्हाही ताठ मानेनं सांगायची आणि आजही सांगते. आमची शेती कापूस-तुरीची. घरात छापील कागद म्हणजे कॅलेंडर आणि बियाण्याची पिशवी. मी दारात उभी राहिले तर फौजदारांनी विचारलं, "पंखा हवाय का?" मला कळेना. "उन्हाळ्यात पुष्कळ जण पंख्याखाली बसायला येतात. पुस्तक समोर धरतात, पण पान उलटत नाहीत. म्हणून विचारलं." मी म्हटलं, मला सभासद व्हायचंय. ते म्हणाले, "जामीन कोण?"

हा त्या वाचनालयाचा खास कायदा होता. नव्या माणसासाठी जुन्या सभासदानं सही करायची. पुस्तक हरवलं तर जाब त्या जामीनदाराला. माझ्यासाठी मराठीच्या मॅडमनी सही केली. फौजदारांनी सही उजेडाकडे धरून पाहिली. मॅडम समोरच उभ्या होत्या, तरीही.

त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे कव्हरं. वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक खाकी कागदात घातलेलं, वर नुसता निळ्या शाईतला आकडा. नाव नाही, चित्र नाही. आत पहिल्या पानावर सगळं छापलेलं असायचंच, पण कपाटासमोर उभं राहिलं की एका शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी असावीत तसं दिसायचं. "चित्र बघून लोक पुस्तक उचलतात आणि लेखकाचं नाव बघून ठेवून देतात," ते म्हणायचे. "माझा दोघांवरही भरवसा नाही." कपाटाला हात लावायची मुभा नव्हतीच. आपण टेबलासमोर उभं राहायचं, ते दोन-चार प्रश्न विचारणार, मग आत जाऊन एक पुस्तक आणून पुढ्यात सरकवणार.

मला ते कायम पातळ पुस्तकं द्यायचे. मला राग यायचा. माझ्या मनात पक्कं बसलं होतं, की हा शहरातला, शिकल्या घरचा माणूस खेड्यातल्या पोरीला जोखून हलका माल देतो. एकदा तोंडावर विचारलंच, "जाड पुस्तकं कुणासाठी ठेवलीत?" ते म्हणाले, "जाड पुस्तक मागणारा माणूस वाचायला नेत नाही, दाखवायला नेतो. तू कशासाठी मागतेस?" मी पुढ्यातलं पातळ पुस्तक उचलून फणकाऱ्यानं निघाले. पण ती पातळ पुस्तकं मी बसमध्ये उभ्याउभ्या वाचून काढायची. गाईडमधून परीक्षेपुरतं वाचणं वेगळं आणि हे वेगळं. पान उलटेपर्यंत कळायचं नाही, आज आपण कुणाच्या घरात शिरतोय. एकदा गोष्टीत इतकी शिरले, की आमचा फाटा मागे गेला आणि कंडक्टर ओरडला, "ओ बाई, तुमचं गाव गेलं ना मांगं." उन्हातून चालत परतले. वाईट अजिबात वाटलं नाही.

परत आलेल्या पुस्तकाची झडती झाली की वाचणाऱ्याची व्हायची. "कोण खोटं बोललं यात?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कुणीच नाही म्हटलं तर पुस्तक परत हातात. "पुन्हा वाच. गोष्टीत कुणीतरी काहीतरी लपवतंच. विश्वास ठेवून वाचणाऱ्याला झोप येते." मी आधी घाबरायची, मग पुस्तकातल्या माणसांकडे त्यांच्याच नजरेनं पाहायला लागले. पुढे पुढे तर आईनं "भाजी संपली" म्हटलं तरी मी चुलीवरच्या गंजाचं झाकण उचलून पाहायची.

पण त्या खाकी कव्हरांनीच एकदा माझ्यावर बालंट आणलं.

मी कॉलेज सुटल्यावर वाचनालयात बसायची आणि पाचच्या गाडीनं घरी यायची. आमच्या शेजारचे गुलाबमामा बाजाराला येत-जात. त्यांनी मला पाहिलं, हातात नेहमी खाकीत गुंडाळलेलं काहीतरी. एका संध्याकाळी ते ओट्यावर बाबांना म्हणाले, "पोरगी शिकून राह्यली, चांगलं हाये. पण झाकून काय आनते, पाह्यलं काय कधी?"

बाबा चौथी शिकलेले. बोट ठेवून वाचायचे, पण वाचायचे. त्यांनी माझ्या पिशवीतलं पुस्तक काढलं. दोन भाऊ मिळून विहीर खणतात, अशी ती कादंबरी होती. बाबांनी नेमकी मधूनच उघडली. थोरल्या भावाची बायको अंधार पडल्यावर एकटीच विहिरीवर जाते, असं ते पान. बाबांनी तेवढंच वाचलं आणि मिटलं.

"हे शिकवतेत काय कालेजात?"

"कॉलेजचं नाही बाबा, लायब्ररीचं आहे."

ते तर आणखीच वाईट झालं. "उद्या मी येतो तुह्यासंग. पाहू कोन देते हे."

दुसऱ्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून माझ्याबरोबर नेरला आले. गाडीत पुस्तक त्यांनी स्वतःच्या मांडीवर पालथं धरून ठेवलं. वाचनालयात त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे तुमी देलं काय हिले?"

"दिलं. तुम्ही कोण?"

"बाप."

"कशावरून?"

बाबांना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, माझे वडील आहेत हे." फौजदारांनी आम्हा दोघांची नाकं ताडून पाहिली आणि मान हलवली. "ठीक. बोला."

"याच्यात एक बाई अंधाराची हिरीवर जाते. तरन्या पोरीनं वाचाचं हाये काय हे?"

"कशासाठी जाते?"

"कायले जाईन? समजते आमाले."

"कितीक वाचलंत?"

"तेवढंच."

"म्हणजे मागचं वाचलं नाही, पुढचं वाचलं नाही, आणि बाईवर आरोप. कोर्टात टिकणार नाही." फौजदारांनी पुस्तक बाबांकडे सरकवलं. "पहिल्या पानापासून वाचा. तुम्ही म्हणता तशी ती निघाली, तर मी तुमच्या मुलीचं नाव इथून कमी करतो."

"इथचं कायले," बाबा म्हणाले, "कालेजातलंच कमी करतो मी."

"करा. पण आधी वाचा."

ही पैज माझ्यासमोर लागली आणि मला कुणी विचारलंही नाही. माझी खरी अडचण वेगळीच होती. मी ते पुस्तक निम्मंच वाचलं होतं. ती बाई विहिरीवर कशाला जाते, ते मलाही ठाऊक नव्हतं. माझं कॉलेज आता एका न पाहिलेल्या बाईच्या वागण्यावर लटकलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा संशय येत होता.

मी तासांना गेले, पण एक अक्षर कानात शिरलं नाही. परत आले तर बाबा पंख्याखाली बोट ठेवून वाचत बसलेले. पाचची गाडी गेली. फौजदार खिडक्या लावायला लागले. बाबा म्हणाले, "घरी नेऊ काय हे?"

"सभासद नाही तुम्ही. जामीन कोण?"

बाबांनी खोलीत सगळीकडे पाहिलं. नेरात त्यांच्या ओळखीचा म्हणजे कापूस विकून देणारा एक अडत्या, आणि तो काही पुस्तकासाठी येणारा नव्हता. फौजदारांनी कागद बाबांपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. ज्या माणसाच्या हातात माझं शिक्षण बंद करणं होतं, त्याच्यासाठी मी जामीन राहिले. फौजदारांनी माझी सही उजेडाकडे धरली आणि बाबांना म्हणाले, "हरवलं तर हिला पकडीन."

मग घरात चमत्कारिक दिवस आले. बाबा ओट्यावर न बसता कापसाच्या खोलीत बसून वाचायचे. आईला त्यांचाच संशय यायला लागला. "हे काय लपून राह्यले?" असं मला कानात विचारायची.  एकदा जेवताना बाबा म्हणाले, "तो लहाना भाऊ बराबर नाई वाटत." दुसऱ्या वेळी, "सासू समदं जानते. बोलत नाई." मी कॉलेजला जात होते, पण रोज सकाळी पिशवी उचलताना त्यांच्या तोंडाकडे पाहायची, आज अडवतात की काय म्हणून. शेवट काय ते विचारायची छाती झाली नाही.

शेवटी बाबा पुस्तक घेऊन नेरला आले, ते बाजाराचा दिवस सोडून. मी वाचनालयातच होते. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. फौजदारांनी हुंगलं, झटकलं.

"कापसाचा वास येतोय."

"येईन," बाबा म्हणाले. मग पुस्तकाकडे बोट दाखवून, "ते खनायले जाये."

"कोण?"

"थोरल्याची बायको. नवऱ्याची छाती गेलती, त्याच्यानं खननं होये नाई. लहान्याले समजलं असतं तं वाटा कमी केला असता. म्हनून त्याच्या वाट्याचं ते बाई खनून ये, अंधारात." बाबांचा आवाज चिडलेला होता. "लिवनाऱ्यानं लपोलं आमच्यापासून. हे काई बराबर नाई."

"लपवलं नाही. तिच्या हाताला घट्टे पडल्याचं त्यानं आधीच लिहिलंय."

"वाचलं ना ते. मले वाटलं वावरातले असतीन."

"संशय घेतलात ते चांगलं केलंत," फौजदार म्हणाले. "अर्धा घेतलात, तेवढं चुकलं. संशय शेवटपर्यंत न्यावा लागतो, पाटील."

बाबा कॉलेजबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. "दुसरं द्या एखांदं," म्हणाले. "याच्यात फसवनारा कोन हाये, ते सांगून द्या आधी."

"ते सांगत नसतो आम्ही."

त्यानंतर बाबा दर बाजाराला जाऊ लागले. फौजदार त्यांनाही पातळच पुस्तकं द्यायचे, तेव्हा कुठे माझा जुना राग उतरला. दोघांचं कधी जमलं मात्र नाही. बाबा म्हणायचे, या माणसाचा भरवसा नाही, आणि फौजदार मला विचारायचे, "तुझे वडील खरंच वाचतात, की तू सांगतेस त्यांना गोष्टी?" मी पदवीचा कागद घेऊन पेढे द्यायला गेले, तर त्यांनी तो मागूनपुढून वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "खरी दिसते." एवढंच. मी आज पांढरकवड्याला पंचायत समितीत नोकरीला आहे. तिथं पुष्कळांनी माझं कौतुक केलं. त्या दोन शब्दांइतकं कुठलं टिकलं नाही.

गेल्या थंडीत फौजदार गेले. शेवटी शेवटी डोळे अधू झाले होते, तरी वाचनालयात यायचे आणि लोकांनी सांगितलेले शेवट ऐकून "असं होणं शक्य नाही" म्हणायचे. शोकसभेला मी सुट्टी घेऊन आले. बाबाही आले. एकेक जण उठून सांगत होता, की ते फार मायाळू होते, सगळ्यांवर त्यांचा विश्वास होता. बाबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "याच्यातल्या एकानंबी पुस्तक नेलेलं दिसत नाई."

परतताना गाडीत बसायला जागा मिळाली. बाबा खिडकीशी बसले. मोझर गाव मागे पडलं. मग म्हणाले, "ते बाई खरंच तशी निंगाली असती, तं मी तुह्यं कालेज बंद केलं असतं. माईत हाये ना तुले?"

"माहीत आहे."

"करनारच होतो मी."

ते पुन्हा बाहेर पाहू लागले. थोड्या वेळानं एकदम वळले. कपाळावर आठ्या होत्या.

"त्यानं तं ते पुस्तक आधीच वाचलेलं होतं."

"कुणी?"

"फौजदारानं. बाई कायले जाते, ते त्याले पहिल्यापासूनच माईत होतं. अन् माह्यासंग पैज लावली." बाबा माझ्याकडे असे बघत होते, जसं काही हा कट आम्ही दोघांनी मिळून केला होता. "तुलेबी माईत होतं?"

"नाही. मी निम्मंच वाचलं होतं तेव्हा."

"खरं सांगून राह्यली?"

"खरं."

त्यांनी माझा चेहरा नीट पाहून घेतला. फौजदार सही पाहायचे, तसाच. मग त्यांचा आवाज खाली आला.

"मंग तू लय भेली असशीन."

इतक्या वर्षांत ते त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"भेलती, बाबा," मी म्हणाले.