मामंजींच्या चिंध्या

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या. माझे सासरे, उत्तरेश्वर कोळी, नदीच्या पाण्याच्या चिंध्या जपून ठेवायचे. तवाबी सारं गाव हसायचं. मीबी हसले, खोटं कावून बोलू? नवी नवरी व्हते, खुंटीवर कळकट चिंध्यांच्या माळा बघून म्हणलं, कुठल्या येड्याच्या घरात पडले गं बाई!

आमचं गाव गेवराईच्या अंगाला, सिंदफणेच्या काठी. चावडीवर पाणी भरायचं काम आमच्या घराकडं. एकदा दौऱ्यावर आलेल्या महसुलाच्या गिरदावरानं गढूळ पाणी दिलं म्हणून मामंजींच्या थोबाडीत मारली. म्हणला, तुझी घागर घाण हाय. दुसऱ्या दिवशी मामंजींनी घागर चिंचेनं लखलखीत घासली, तिच्या तोंडावर पांढरं मांजरपाट बांधलं, त्यातून नदीचं पाणी गाळलं आन् ती चिंधी वाळवून चावडीवर नेली. घागर न्हाई, नदी घाण हाय, हे दाखवायला. गिरदावर तवर पुढच्या गावाला गेल्ता. चिंधी तेवढी हातात ऱ्हायली.

तवापसून दर अवसंला तेच. दिस उगवायच्या आत, त्याच दगडावर बसून, तीच घागर, तसलंच कापड. घागरीला चीर पडली तर कासाराकडून डाग देऊन आणली, पण बदलली न्हाई. मी म्हणलं, मामंजी, दुसरी घ्या की, किती जीव लावायचा त्या भांड्याला! तर म्हणले, "बायना, घागर बदलली तर नदी बदलली का घागर, हे मला कसं कळावं?"

एका वरसाच्या, दिवाळी ते दिवाळी, बारा चिंध्या एका दोरीत. अशा चौदा दोऱ्या झाल्त्या. त्या ओळीनं धरल्या की न वाचता येणाऱ्यालाबी कळायचं. पावसाळ्यातल्या तांबूस, उन्हाळ्यातल्या हिरवट, ते ठीकच. पण मार्गशीर्षाची चिंधी पहिल्या वरसांत मातकट, मग पिवळी, मग काळपट, आन् शेवटच्या दोन तर चुलीच्या फडक्यावानी.

कारण सगळ्यांना ठाऊक व्हतं. आमच्या गावचे देशमुख, मोहनराव. त्यांनी वरसावरसाला अंबाडी वाढवली. दोराला, पोत्याला लई मागणी. कार्तिक सरला की अंबाडीच्या पेंढ्या गावाच्या वरच्या डोहात दगडाखाली दाबून कुजत घालायच्या, साल सुटंस्तवर. महिनाभर नाक धरून ऱ्हावं लागायचं. मासळी उलटी व्हायची. गावची हीर खारी, वाळूत झिरा काढला तरी त्याच वासाचं पाणी. देशमुखांची हीर मळ्यात, गोडी, पण त्यांच्या घरापुरती. त्यांना काय!

आदल्या मार्गशीर्षात माझा सुंदर गेला. दोन वरसांचा. हगवण लागली, तिसऱ्या दिवशी हाताला गार लागला. लोक म्हणले, देवीचा कोप. कसला कोप? पाण्याची बाधा झाली म्हणा की! मागं एकलीच मुक्ता, चार वरसांची. कार्तिक लागला. पुन्हा अंबाडी वरच्या डोहात पडली तर हीबी जाईल, एवढंच डोक्यात.

त्याच महिन्यात तहसीलदार साहेब दौऱ्यावर येणार अशी दवंडी झाली. निजामाचं राज, फसली सन तेराशे बत्तीस असावं. मामंजींनी ठरवलं, चौदाच्या चौदा दोऱ्या चावडीवर न्यायच्या आन् अंबाडी गावाच्या खाली भिजवायचा हुकूम मागायचा. दोऱ्या झटकताना मला एका दोरीत दोन चिंध्या दिसल्या. चैताची आन् वैशाखाची. चिकट, काळ्या.

त्या आमच्याच पापाच्या व्हत्या. तीन वरसांमागं माझ्या नवऱ्यानं, बंकटनं, भावकीतल्या दोघांना घेऊन उन्हाळ्यात डोहात शेराच्या फांद्या ठेचून टाकल्त्या. त्या चिकानं मासळी गुंगती, हातानं येचता येती. पाणी दोन महिने नासलं व्हतं.

"मामंजी," मी म्हणलं, "चैतात अंबाडी कुठली? देशमुख बरोबर हेच धरतील. काढा या दोन."

"नदीनं दिल्यात त्या. मी कोण काढणार?"

"आन् बंकटचं नाव निघालं तर?"

"इचारलं तर सांगीन. दंड झाला तर भरू. केलंय तर केलंय."

साहेब यायच्या दिवशी सकाळी मामंजी आंघोळीला गेले. मी गाठ सोडली, दोन्ही चिंध्या काढल्या, दोरी व्हती तशी बांधली आन् चिंध्या चुलीत घातल्या. लई शहाणपण केलं असं वाटलं मला!

चावडीपुढं मी मुक्ताला कडंवर घेऊन बायांत उभी ऱ्हायले. तहसीलदार साहेब भला माणूस निघाला. सतरंजीवर दोऱ्या पसरल्या, मार्गशीर्षाच्या चिंध्या स्वतः एकाखाली एक लावल्या. शेवटची नाकाला लावली आन् तोंड वाकडं केलं. मुन्शीला म्हणले, लिखो. देशमुखांचा चेहरा पार उतरला. माझ्या डोळ्याला पाणी आलं, मी मुक्ताचा मुका घेतला.

मग साहेब दोऱ्या मोजायला लागले. एकीत तेरा निघाल्या. मामंजी म्हणले, अधिक महिना व्हता सरकार. साहेब खूश झाले. पुढची दोरी उचलली.

"और इसमें दस क्यों?"

मामंजी हसले, म्हणले, न्हाई सरकार, बाराच हायेत. दोरी हातात घेतली. बोटं एकेक चिंधी सरकवीत गेली. फाल्गुन. पुढं एकदम जेठ. पुन्हा मोजलं. मग मान वर केली आन् त्या सगळ्या गर्दीत सरळ माझ्याकडं बघितलं.

मी बोलायला पायजे व्हतं. बंकट माझ्या मागं उभा व्हता. मी मुक्ताला दुसऱ्या कडंवर घेतलं.

"म्याच काढल्या, सरकार," मामंजी म्हणले.

"ऐकलंत?" देशमुख उठलेच. "पायजे त्या ठेवल्या, नको त्या फेकल्या! मग माझ्या मार्गशीर्षाच्या तरी कावून खऱ्या धरायच्या?"

साहेब मामंजींकडं वळले. "बाबा, ये तुमने क्या किया," एवढंच म्हणले. रागानं न्हाई, वाईट वाटून. मुन्शीनं कागदाची घडी घातली.

घरी आल्यावर मी पाय धरले. म्हणलं, मारा मला. ते म्हणले, "सुनंला चावडीत उभी करू काय?" मग म्हणले, "पण बायना, त्या दोन असत्या तर बाकीच्या खऱ्या ठरल्या असत्या. आपलं पापबी दावतो म्हणल्यावर माणसानं इस्वास ठेवला असता."

पुढच्या अवसंला त्यांनी घागर नेली न्हाई. मी म्हणलं, चला की मामंजी. ते म्हणले, आता कुणासाठी?

मार्गशीर्षात देशमुखांच्या बैलगाड्या वरच्या डोहावर गेल्या. औंदा दुप्पट पेंढ्या. पंधरा दिसांत वास घरात आला. मी लुगड्याचं फडकं चौपदरी करून पाणी गाळलं, उकळलं, पुन्हा गाळलं. रंग काय जाईना.

"माये, पाणी," मुक्ता म्हणली. दुपार व्हती, उन्हातनं खेळून आल्ती, व्हट सुकल्ते.

मी म्हणलं, थांब थोडं. ती थांबली. पुन्हा म्हणली, माये, पाणी. घरात दुसरं पाणी नव्हतं. मी तांब्या भरला आन् माझ्या हातानं तिच्या तोंडाला लावला.