मिस म्हणतील ते

“मावशी, बरं झालं आलात. जरा दोन चहा आणता का? त्या नव्या बाईंना साखरेचा अंदाजच नाही.”

मी खुर्चीवर बसणारच होते. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता. तो काढला आणि चहा आणायला गेले.

हे आधीच सांगून टाकते. मला कुणी ढकललं नाही. कुणी आवाज चढवला नाही. मिस हसून बोलल्या आणि माझे पाय निघाले. नात माझ्या शेजारी उभी होती. तिला काय वाटेल हे मनात यायच्या आत मी दाराबाहेर होते.

त्या दिवशी मी मावशी नव्हते. पालक होते.

नदीपलीकडे सिस्टर लोकांची मुलींची शाळा आहे. तिथे मी मावशी म्हणून काम केलं. संडास धुतले, बाक पुसले, केजीच्या मुलींच्या ओल्या चड्ड्या बदलल्या, चॅपलमधल्या बाकांवर सांडलेलं मेण नखाने खरवडलं. इतकी वर्षं तिथे माझं नाव कुणी घेतलं नाही. पगाराच्या दिवशी तेवढं घ्यायचे. गुडघे गेले तेव्हा सुटले.

प्रणाली माझ्या मुलाची मुलगी. केजीपासून त्याच शाळेत. मी मावशी होते म्हणून तिला घेतलं. शाळा हे कधी विसरली नाही आणि मलाही विसरू दिलं नाही.

दहावीचा निकाल लागला. शाळेलाच अकरावी-बारावी जोडलेली आहे. शाळेच्या मुलींना तिथे जागा मिळते, पण सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, ते ठरवायला पालकांना मुलीसकट बोलावतात. सून हिंजवडीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. सकाळी बस गाठायची असते, सुट्टी मागितली की सुपरवायझर तोंड वाकडं करतो. मुलगा रिक्षा चालवतो. तो म्हणाला, “आई, तूच जा. तुला तिथे सगळे ओळखतात.”

ओळखतात. तेच तर झालं.

प्रणालीला सायन्स पाहिजे होतं. तिला औषधांचं शिकायचंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे. माझ्या गोळ्या आणायला तीच जाते. एकदा म्हणाली, “आजी, मला त्या काउंटरच्या पलीकडे उभं राहायचंय.” मी म्हटलं, “मग रहा की.” एवढंच आमचं ठरलं होतं. निघताना मी ठेवणीतली जांभळी साडी नेसले. तिने चापूनचोपून वेणी घातली. रिक्षात ती म्हणाली, “तू बोल हं. मला मिससमोर बोलता येत नाही.” मी म्हटलं, “बोलते.”

आणि गेल्या गेल्या चहा आणायला धावले.

स्वयंपाकघरात नवी मावशी होती. गॅसवर आधण होतंच. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही तर आज पालक ना?”

“हो.”

“मग साडी तेवढी पालकाची नेसलात वाटतं. हात मावशीचेच आणलेत.”

तिचं खरं होतं. कप कुठे आहेत हे मला सांगावं लागलं नाही. ट्रे फडक्याने पुसला तोसुद्धा सवयीनेच.

परत आले तर माझ्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. शेजारी त्यांची मुलगी, तीही खुर्चीवर. आमचा नंबर आधी होता, पण मी जागेवर नव्हते. प्रणाली भिंतीला टेकून उभी होती. मी टेबलावर ट्रे ठेवला. एक कप मिसचा, एक त्या गृहस्थांचा. त्यांनी बोलता बोलता उचलला. माझ्याकडे पाहिलं नाही. प्रणालीने पाहिलं. ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली जमिनीकडे.

तिच्या शेजारी भिंतीला टेकले. समोरचं सगळं ऐकू येत होतं.

गृहस्थ म्हणत होते, “अडुसष्ट म्हणजे जरा कमीच आहेत, मान्य आहे. पण तिला इंजिनिअर व्हायचंय हो.”

मिस म्हणाल्या, “ऑफ कोर्स. क्लास लावा चांगला, पिकअप करेल ती. इतकी वर्षं पाहतोय आपण तिला.” आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, “काय, घेणार ना बेटा सायन्स?”

मुलगी “हो” म्हणाली. झालं. बापाने चहा संपवला, दोघं उठली.

प्रणालीला शहात्तर होते.

मग आम्ही बसलो. म्हणजे मी बसले. दुसऱ्या खुर्चीवर मिसनी ती मुलगी उठताच आपली पर्स ठेवली होती, ती काही उचलली नाही. प्रणाली माझ्या मागे उभी राहिली.

“सॉरी हं मावशी, चहाचं. सवय झालीय हो तुमची.”

“असू दे,” मी म्हटलं. हेही सवयीनेच.

“प्रणाली फार गुणी मुलगी आहे. शांत. कधी तक्रार नाही, उलट उत्तर नाही. मी तिला आर्ट्स दिलंय. त्यात बालविकासाचा विषय आहे, मुलं सांभाळण्याचा. पुढे आपल्याच केजीत मदतनीस म्हणून घेऊन टाकू. तुमच्यासारखीच मायाळू आहे. रक्तातच असतं ते.”

मी म्हटलं, “तिला सायन्स पाहिजे.”

मिस हसल्या. वाईट हसल्या नाहीत. लहान मूल काहीतरी बोललं की हसतात तसं. “अहो मावशी, सायन्स म्हणजे गंमत नाही. फिजिक्स, मॅथ्स. घरी कोण घेणार तिचा अभ्यास? झेपणार नाही तिला.”

मी मागे वळले. “प्रणाली, तुला काय पाहिजे? सांग मिसना.”

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

“मिस म्हणतील ते,” ती म्हणाली.

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी एवढं लागलं नसतं. कारण ते वाक्य माझं होतं. सिस्टरांनी विचारलं, मावशी, रविवारी याल का, तर मी म्हणायचे, सिस्टर म्हणतील ते. पोरीने ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. डबा खायला माझ्याजवळ पायरीवर येऊन बसायची, तिथे ऐकलं होतं. आणि मघाशी मी तिला ते पुन्हा एकदा करून दाखवलं, ट्रे हातात धरून.

आणि दुसरा शब्द, झेपणार नाही, तोही मला जुना होता.

मी चौथी शिकले. गावात शाळा चौथीपर्यंत, पाचवीला शेजारच्या गावी जावं लागे. माझा बाप बौद्ध झालेला, घरात बाबासाहेबांचा फोटो, पोरींनी शिकायचं हे त्याला पटलेलं. तो मला घेऊन गुरुजींकडे दाखला मागायला गेला. गुरुजी ओट्यावर, आम्ही खाली अंगणात. गुरुजी रागावले नाहीत. गोडच बोलले. म्हणाले, “पोर कामाची आहे रे तुझी. वर्ग काय छान झाडते. पुढे घालून काय करतोस, झेपायचं नाही तिला.” बाप एवढा फोटोला हात जोडणारा, पण ओट्यापुढे त्याची मान खाली गेली. “गुरुजी म्हणतील तसं,” तो म्हणाला. परत येताना सगळी वाट त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जन्मभर समजत होते की मला खरंच झेपलं नसतं.

त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा कळलं, की कुणी पाहिलंच नव्हतं. ना गुरुजींनी पाहिलं, ना या बाईने. पोरीला बसवलं नाही, तिला एक प्रश्न विचारला नाही, तिचे मार्क तोंडातून काढले नाहीत. माझी नात आहे एवढ्यावर तिचा हिशेब झाला.

मी मिसची पर्स उचलली आणि टेबलावर ठेवली. प्रणालीला म्हटलं, “बस इथे.”

ती बसली.

“आता हिला विचारा,” मी म्हटलं. “त्या मुलीला विचारलंत तसं. माझ्या आधी जिला बसवलंत.”

“मावशी, मागे लोक थांबलेत.”

“थांबू द्या. आम्हीपण थांबलो. शिवाय चहा दिला.”

मागे कुणीतरी खाकरलं. मिसचा चेहरा बदलला. त्या उठून आत गेल्या आणि मोठ्या सिस्टरांना घेऊन आल्या. मोठ्या सिस्टर वयाने माझ्याएवढ्याच. पांढरा झगा, गळ्यात क्रूस, आवाज मऊ. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजारी होते तेव्हा याच सिस्टर माझ्या घरी संत्री घेऊन आल्या होत्या. ते मी नाकारत नाही. पण संत्री वेगळी आणि हे वेगळं.

“मावशी, तुम्ही तर आपल्या घरच्या. आम्ही हिचं वाईट करू का?”

“चॅपलमध्येसुद्धा मी घरचीच होते, सिस्टर. बाक पुसायचे पुढचे आणि प्रार्थनेला उभं राहायचं मागे, दाराशी, चपलांजवळ. तुम्ही कधी तिथे उभं राहायला सांगितलं नाही. पण पुढे ये, असंही कधी म्हणाला नाहीत.”

सिस्टरांनी हात खांद्यावरून काढून घेतला.

मिस म्हणाल्या, “ठीक आहे, सायन्स देऊ. पण पहिल्या चाचणीत नाही जमलं तर आर्ट्सला यावं लागेल.”

“ही अट अडुसष्टवाल्या मुलीला घातलीत का?”

“तिचं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे, ते सांगा. मी ऐकते.”

मी खरंच थांबले. मला ऐकायचं होतं. एकदा कुणीतरी ते तोंडाने बोलावं अशी माझी इच्छा होती. मिसनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी क्रूस हातात धरला. मागच्या रांगेत कुणी हलेना. ते काय आहे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकानेही सांगितलं नाही.

“आणि झाली नापास तर होईल,” मी म्हटलं. “बाकीच्यांच्या मुली काय नापास होत नाहीत?”

सिस्टर हळू आवाजात मिसना म्हणाल्या, “सायन्स. अट नको.” मग प्रणालीकडे वळल्या. “तुला हवंय ना, बाळा?”

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. हे तिचं तिने बोलायचं होतं. तिने बोटावरची ओढणी सोडवली.

“हवंय,” ती म्हणाली. आवाज फाटका होता, पण ऐकू आला.

बाहेर पडलो. मला वाटलं होतं ती खूश होईल. फाटकापाशी थांबून तिने विचारलं, “आजी, पण तू चहा का आणलास?”

मी म्हटलं, “चूक झाली.” ती बरं म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. तसं म्हणाली नाही ते बरं केलं.

पहिली चाचणी झाली. केमिस्ट्रीत पास. गणितात पोरगी नापास. घरी येऊन पालथी पडून रडली. सून म्हणाली, “आई, मिस बरोबरच बोलल्या होत्या की काय?” मी म्हटलं, “गणितात नापास झालीय, जन्मात नाही. तिला रडू दे, मग जेवायला वाढ.” दुसऱ्या दिवशी मुलाने रिक्षात बसणाऱ्या एका मास्तरणीशी शिकवणीचं ठरवलं. जमेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित नाही जमणार. पण जमलं नाही हे तिचं तिला करून कळेल. मला ते कधी कळू दिलं नाही.

परवा शाळेतून फोन आला. मिसच होत्या. “मावशी, प्रणालीच्या गणिताबद्दल जरा बोलायचंय. उद्या येऊन जा ना.”

“त्या अडुसष्टवालीला किती पडले?”

“ते मी कसं सांगणार?”

“म्हणजे तीपण आहे नापासांत. तिच्या वडिलांना बोलावलंत?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“त्यांना बोलवा. सगळ्या नापास मुलींच्या घरच्यांना एकदम बोलवा. मी येते. दोन खुर्च्या मोकळ्या ठेवा, एक माझी आणि एक तिची. आणि चहा तुमच्या तुम्ही सांगून ठेवा.”