डब्यांखालचा आलेख

फोन आला तेव्हा मी आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत चुंबकात द्रव नायट्रोजन भरत होतो. ते काम मध्येच सोडलं तर वाट लागते. शिपाई दोनदा बोलावून गेला, तेव्हा कुठे मी वैतागून रिसीव्हर उचलला. "शैला गेली," पलीकडून तिचा नवरा सुधाकर म्हणाला. "आज सकाळी." आणि मी काय बोलावं? "बरं... एवढा नायट्रोजन भरून निघतो." खरंच असं म्हणालो मी! त्याला सहा आठवडे झाले, पण ते वाक्य काही माझी पाठ सोडत नाही. शैलाच्या बाबतीत माझं पहिल्यापासून हे असंच. माझं काम आधी, ती नंतर.

शैला घाटकोपरच्या चाळीतली, वडील मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. ती पीएचडीला आमच्याकडे आली तेव्हा मी तिला तीन वर्षांनी सीनियर होतो. अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन हा तिचा विषय. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून डझनांनी अंडी आणायची, पांढरं प्रयोगाला घ्यायची आणि उरलेल्या पिवळ्याची बुर्जी करून आम्हाला खाऊ घालायची. "विज्ञानाचो प्रसाद आसा, नाय म्हणू नको," असं वर दटावायची. आमचं यंत्र म्हणजे एक भलामोठा चुंबक. प्रथिनाचं पाणी बारीक काचेच्या नळीत घालून त्यात सोडायचं, रेडिओलहरी द्यायच्या, की आतले हायड्रोजनचे अणू जे उत्तर देतात ते पेन कागदाच्या पट्टीवर काढतं. टोकदार शिखरांची रांगच्या रांग. वाया गेलेल्या पट्ट्या आम्ही सगळे घरी न्यायचो आणि कोरी बाजू वर करून स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरायचो. मुंबईत एवढा जाड कागद फुकट कोण देतो?

एकदा तिच्या पट्टीत टोकदार शिखरांच्या मधोमध एक बसका, पसरट डोंगर आला. ती धावतच माझ्याकडे आली. "दिलीप, हे बघ ना! औषधाचा रेणू जिथे जाऊन बसतो ना, तिथलाच अणू आहे हा. ती जागा हलतेय रे. दारासारखी उघडझाप करतेय, म्हणून उघड्या आणि बंद दाराचे सूर एकमेकांत मिसळलेत. प्रथिन म्हणजे काय पुतळा आहे? थंड केलं की चाल मंदावेल आणि याची दोन शिखरं होतील. एक उघड्या दाराचं, एक बंद दाराचं. मला फक्त दोन दिवस यंत्र दे." डोळे नुसते चमकत होते तिचे. दार कधी उघडतं ते कळलं, तर औषध नेमकं कसं घडवायचं तेही कळेल, असं काय काय बोलत होती.

यंत्राच्या पाळ्यांची वही माझ्या ताब्यात होती. आणि माझा अख्खा प्रबंध उभा होता तो ती जागा घट्ट आहे, हलत नाही, यावर. मी तिच्या पट्टीवर लाल पेन्सिलीने लिहिलं, "अशुद्धी. नळी नीट धुऊन ये." वहीतलं तिचं नाव खोडून ते दोन दिवस मी स्वतःला घेतले. आमच्या दोघांच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, तर त्यांनाही तेच सांगितलं. सर माझ्यावर विसंबायचे. तिच्या प्रबंधातून ते प्रकरण गळलं, तिला पदवी मिळाली, पण बाकीच्या कामात कुणी पुढच्या संशोधनाला बोलावून घ्यावं असं काही उरलं नव्हतं. ती मुलुंडला कॉलेजात शिकवू लागली. मला वाटत होतं की मी काटेकोर आहे. खोटं! मला मत्सर वाटला होता, मी घाबरलो होतो.

दोन वर्षांनी एका रविवारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी नवा नमुना केला. नळी तीनदा धुतली. यंत्रात ती थंड केली आणि पेन चालू केलं... दोन शिखरं. स्वच्छ, वेगवेगळी, तिने सांगितली होती तशी. तेव्हाच मुलुंडला जायला हवं होतं. मी गेलो नाही, लेख लिहिला. वर माझं नाव, आणि शेवटच्या आभाराच्या ओळीत "उपयुक्त चर्चेबद्दल" तिचं. तिचं पोस्टकार्ड आलं. "झकास! किती सुंदर आलीत रे दोन्ही." बस, एवढंच.

पुढे तिला रक्ताचा आजार झाला. शेवटचा भेटलो तेव्हा उशांना टेकून बसली होती, मनगटं काडीसारखी झालेली. मी सगळं कबूल करायचं ठरवून गेलो होतो. तिने उशाशी ठेवलेल्या गोळ्या दाखवल्या. "यांना माझ्यात दार सापडत नाही रे," म्हणाली आणि हसली. मग एकदम, "काय, नळ्या नीट धुतोस ना हल्ली?" मी पण हसलो. थट्टा समजून घेतली, कारण तेच सोयीचं होतं. तासभर लिंबाच्या लोणच्यावर बोललो आणि निघून आलो.

परवा सुधाकरकडे गेलो होतो. चहा टाकायला त्याने फळीवरचे डबे खाली काढले. खाली आमचीच पट्टी अंथरलेली होती. पण कोरी बाजू वर नव्हती. डब्यांच्या गोल डागांमधून तो बसका डोंगर दिसत होता आणि शेजारी लाल पेन्सिलीतलं माझं अक्षर. सहा वर्षं ती रोज सकाळी चहाला साखर घेताना ते वाचत होती.

"सुधाकर, नळी स्वच्छ होती हो," मी म्हणालो.

"कुठली नळी?"

मग तिथेच, स्वयंपाकघरात, मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. जे तिला सांगायचं होतं ते. चहा उकळून आटला. मग त्याने एकेक डबा उचलून जागेवर ठेवला. शेवटी साखरेचा डबा राहिला. तो त्याने जरा बाजूला सरकवून ठेवला, माझं अक्षर उघडं राहील असा.